डोंगरावरचा नवा रिपीटर

आमच्या वायरलेस मंडळींत बोलण्याची हौस सगळ्यांना होती, ऐकण्याची एकालाही नव्हती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मिळून आम्ही मूठभर हौशी लोक परीक्षा देऊन, परवाने काढून घरच्या घरी वायरलेस सेट चालवायचो. मी डहाणूच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. संध्याकाळी वह्या बाजूला सारून सेटसमोर बसले की घरचे म्हणायचे, "बसली बाई भिंतीशी गप्पा मारत."

आमचे आवाज एकमेकांपर्यंत पोचवायचा तो चारोटीपलीकडच्या डोंगरावरचा रिपीटर. एकाचा आवाज झेलायचा आणि जोर लावून पुढे फेकायचा, एवढंच त्याचं काम. तो तारमास्तरांनी स्वतःच्या हातांनी बनवला होता. तारमास्तर म्हणजे रेल्वेतून निवृत्त होऊन डहाणूत राहणारे आमचे म्होरके. सारी नोकरी तारा पाठवण्यात गेल्यामुळे जास्तीचा शब्द त्यांना खपत नसे. मी जरा लांबण लावली की म्हणत, "बाई, शाळा सुटली. आटपा." मला भयंकर राग यायचा. पण रोजचा पहिला कॉल मास्तरांचा, हा आमचा अलिखित नियम मी कधी मोडला नाही.

तो पहिला कॉल ते लेकीला द्यायचे. लग्नाआधी त्यांनी तिला परवाना काढायला लावला होता आणि पाठवणीत सेट दिला होता. जावई तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. त्यांचं घर टेकडीमागच्या खोलगट जागी होतं. तिथे फोन नव्हता, आणि जुन्या रिपीटरचा आवाजही पोचत नव्हता. तरी मास्तर रोज तिला हाक मारायचे, थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "बरं. चला पुढे."

म्हणून नवा, जास्त ताकदीचा रिपीटर बसवायचं ठरलं. आमच्यातल्या भाईंचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी तो मुंबईहून आणवला. स्वतःचं यंत्र उतरवायचं म्हणून मास्तर रुसतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी एकच अट घातली. कोणी फार वेळ बटण दाबून बोलत राहिलं तर रिपीटरने त्याला आपोआप तोडायचं, तशी सोय हवी. हे ऐकताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मास्तरांचे गुडघे डोंगर चढण्यापलीकडे गेले होते. मी, भाई आणि खांब उचलायला रानशेतचे दोघे ओळखीचे शेतकरी, असे आम्ही सकाळीच वर गेलो. जुन्या डब्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. तशात तो इतकी वर्षं आमची बडबड वाहत राहिला, याचं मला फार कौतुक वाटलं. भाईंनी त्याला हात जोडले, खाली उतरवला आणि नवा चढवला. बॅटरी जोडली. हिरवा दिवा लागला.

पण आवाज काही येईना.

"तुम्ही बोला ना, बेन," भाई म्हणाले.

"पहिला कॉल मास्तरांचा," मी म्हटलं.

आम्ही वाट पाहिली. भाईंनी आणलेले ठेपले काढले, रानशेतकरांनी झाडाखाली पाठ टेकली, तरी हातातला छोटा सेट मुका तो मुकाच. शेवटी भाईंचा धीर सुटला. "बेन, हे तर गेलं वाटते." मग मी त्यांच्यावर घसरले. मुंबईच्या दुकानदाराने तुम्हाला टोपी घातली, इथपर्यंत माझी मजल गेली. भाई बिचारे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठले. जुनाच परत लावायचा, असं म्हणून त्यांनी झाकणाचा पहिला स्क्रू सैल केला.

तेवढ्यात सेटमधून एका बाईचा आवाज आला, अगदी शेजारून यावा तसा स्वच्छ.

"कोणी आहे का तिथे, की सगळे जेवायला बसलात? बाबांची वाट बघता बघता माझा भात करपला."

भाईंचा हात तसाच हवेत राहिला. नंतर उलगडा झाला. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं की आजचा मान डोंगर चढलेल्यांचा, म्हणून ते घरी गप्प बसले होते. लेकीला त्यांनी आजचा दिवस पत्राने कळवला होता; ती बापासाठी थांबली होती आणि आम्ही मास्तरांसाठी. आमच्या शिष्टाचारापायी चांगला चालणारा रिपीटर आम्ही उतरवणार होतो.

भाई उत्तर द्यायला सरसावले, तो मी त्यांच्या हातातून सेट ओढून घेतला. या हाकेला ओ देणारा माणूस दुसरा होता. डहाणूहून कोणीतरी बटण दाबलं. नुसती खरखर ऐकू आली. मग मास्तर म्हणाले, "बोल, बाळा."

ती बोलली. आणि मग मास्तर जे सुटले! घरात पाणी गळतं का, नातीला दात आले का, आईने लोणचं घातलंय ते कोणाबरोबर पाठवू, जावयांचा खोकला कसा आहे, असं एकातून एक निघत गेलं. माझे डोळे भरून आले आणि मला हसूही आवरेना. नातीला झबलं कुठल्या रंगाचं हवं, हे विचारता विचारता त्यांचा आवाज कट्कन तुटला. नव्या रिपीटरने पहिला बडबड्या पकडला होता.

मग तलासरीकडून ती हसत म्हणाली, "बाबा, तुम्हाला तोडलं त्याने. दम घ्या आणि परत बोला. मी आहे इथेच."