बांधावरचा लिंब

बावड्याच्या मुक्ताबाई भाचीच्या साखरपुड्याला बारामतीला गेल्या होत्या. परत येताना एसटीतून उतरून शेताच्या वाटेला लागल्या, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. समोरचं आभाळ नको तितकं मोकळं दिसत होतं. बांधावर पोचल्या तेव्हा उलगडा झाला. लिंब आडवा पडला होता आणि त्यांचा लेक रणजित लाकूडवाल्याच्या टेम्पोत ओंडके चढवू लागत होता.

तो कडुलिंब मुक्ताबाईंनी नव्या नवरीपणी लावलेला. पहिली दोन वर्षं तो हातभरसुद्धा वाढला नाही. सासू म्हणायची, "मेलाय गं त्यो, कशाला पाणी घालतीस?" पण लिंब आधी खाली मुळं सोडत होता. मुळं ओलीला भिडली आणि मग जो वर निघाला तो थांबलाच नाही. त्याच्या फांदीला ऊसतोडीच्या बायकांनी झोळ्या बांधल्या. रणजितला गोवर आला तेव्हा त्याच्याच पाल्यावर निजवला. उन्हाळ्यात गाय त्याच्या सावलीतून हलायची नाही.

"कुणाला इचारून तोडलास?" मुक्ताबाई कडाडल्या.

"आई, सावलीनं चार सऱ्या ऊस खुरटतोय दर साली."

"चार सऱ्या! अन् तू कुठं वाढलास रं, त्या चार सऱ्यांत?"

लाकूडवाल्यानं गाडी सुरू केली, तशा त्या टेम्पोपुढं फतकल मारून बसल्या. "घाल अंगावर."

"तात्यांच्या माघारी शेती मी बघतोय," वडलांचं नाव काढत रणजितही चिडला. "एका झाडापायी गावात शोभा करतीस व्हय?"

"शोभा तू केलीस. खाली कर गाडी!"

दिवस मावळेपर्यंत त्या उठल्या नाहीत. शेवटी टेम्पो रिकामा होऊन गेला. ओंडके मुक्ताबाईंनी बांधावरच ठेवायला लावले, येता-जाता रणजितच्या डोळ्यांत सलावेत म्हणून.

मायलेकांचं बोलणं बंद झालं. सून माधवी इकडचा निरोप तिकडं करायची. त्या उन्हाळ्यात मजूर भाकरी खायला शेजाऱ्याच्या आंब्याखाली जायला लागले. गाय धापा टाकायची, दूध आटलं. यातलं एकेक मुक्ताबाई माधवीला सांगायच्या, पण रणजितला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

आषाढात बुंध्यातून तांबूस फुटवे निघाले. बुंधा जाळून टाकावा म्हणून रणजित डिझेलचा डबा घेऊन आला होता. मुक्ताबाईंनी डबा हिसकला आणि ओढ्याच्या खडकावर आपटून चेपवला. मग कोयत्यानं जोमदार तेवढा एक फुटवा ठेवून बाकीचे छाटले. आता मुळांचं सगळं बळ त्या एकाला मिळणार होतं. आणि मिळालंच. दिवाळीपर्यंत तो त्यांच्या खांद्याला लागला.

मग एकदा शेळ्यांनी शेंडा खाल्ला. मुक्ताबाईंनी शेळीवाल्याला अख्ख्या वस्तीदेखत झोडपायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर फुटव्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

"ह्यांनीच केलंय सकाळी," माधवी हळूच म्हणाली.

मुक्ताबाईंनी कुंपणाला एक फेरी मारली.

"किती आवळलंय! वाढायचं कसं त्यानं? एवढी पण अक्कल न्हाय," असं पुटपुटत त्या खाली बसल्या आणि काटे उपसून कुंपण लांबवर सरकवायला लागल्या. बोटात काटा मोडला, तेव्हाही शिवी लेकालाच दिली.