उघडायची परवानगी फक्त बाबूंना

धानोऱ्याच्या आमच्या तहसील कार्यालयात दाखल्यांच्या सगळ्या फायली बाबूंच्या कॉम्प्युटरवर असत. बाकीचे आम्ही आपापल्या टेबलावरून त्या उघडायचो. एकदा कुणीतरी एका गावाचं अख्खं फोल्डर उडवलं. मी ऑपरेटर, डोकं तापट. त्याच दिवशी बाबूंच्या कॉम्प्युटरवर बसून सगळ्यांची परवानगी काढून टाकली. नावं सर्वांना दिसतील, पण फाइल उघडतील फक्त बाबू. रागाच्या भरात स्वतःलाही वगळलं. बाबूंनी पासवर्डाची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली होती, तीही फाडली आणि वर त्यांनाच शहाणपण शिकवलं.

पण बाबू पडले झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांतले नट. हिवाळाभर रात्री वडशाकडे राजाचं काम करायचं आणि दिवसा रजा टाकून, मोबाइल बंद करून झोपायचं. हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं, मलाही.

अशाच एका दुपारी जंगलातल्या गावाहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीचा जातीचा दाखला वाळवीनं खाल्ला होता. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तो त्याच दिवशी पाचच्या आत ऑनलाइन जोडायचा होता.

मी शोधलं. मुलीचं नाव लगेच सापडलं. क्लिक केलं, तर 'परवानगी नाही'. बाबूंच्या चालू कॉम्प्युटरपाशी गेलो, तो पासवर्ड मागत बसला. चिठ्ठीवर काय होतं ते आठवून पाहिलं, पण फाडताना वाचतो कोण? बाबूंना फोनवर फोन लावले. बंद.

"नाव तं दिसून राह्यलं नं, भाऊ? मंग उघडत काऊन नाई?" बाईंनी विचारलं.

"कुलूप आहे, बाई."

"कोनं लावलं?"

"मीच."

त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं. "लावनाऱ्यालेच उघडता येत नाई, असं कसं?" म्हणत त्या हसल्या. मुलगी हसली नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच वाजून गेले. बाईंनी पिशवी उचलली. "बाबू उद्या येते नं? उद्या येतो मंग आमी."

 मुलीनं त्यांना गोंडीत हळूच काहीतरी सांगितलं. मला गोंडी येत नाही. बाईंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या.