पडद्याची दुमड

आखाडा बाळापूरच्या आमच्या नव्या घरात फरशी, रंग, नळ, दिव्यांची बटणं, सगळं माझ्या नवऱ्याने पसंत केलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण त्याला हौस होती आणि मला शाळा होती. डोंगरकडा गावच्या शाळेत मी मास्तरीण आहे, रोज एसटीने जाते. खिडक्यांवर पडद्याचे पाइप त्यानेच खुर्चीवर चढून बसवले आणि खाली उतरून म्हणाला, "पडदे तेवढे तुझ्या पसंतीचे आण. नंतर मला बोल लावायचा न्हाई."

गृहप्रवेश झाला. पडदे आणायचे राहिले, आणि दुसऱ्याच महिन्यात तो गेला. सकाळी छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत संपलंसुद्धा.

वर्ष होईपर्यंत घरात शोभेचं काही आणायचं नाही, असं आमच्याकडे पाळतात. मग खिडक्या तशाच. पुढच्या खिडकीला सासूबाईंनी एक जुनी चादर सुतळीने बांधली, कारण नांदेड-हिंगोली रस्त्यावरून जाणारा जो तो आत डोकावायचा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या आणि मी, अशा दोघीच त्या घरात. आम्हाला मूलबाळ नाही.

त्या वर्षात मला काय वाटत होतं असं लोक विचारतात. काहीच वाटत नव्हतं. शाळेत पाढे घ्यायचे, घरी येऊन भाकरी थापायच्या, आत्यांनी वाढलेलं खायचं. कोणी समोर रडलं तर मी त्याला पाणी द्यायचे. आत्याही माझ्यासमोर रडत नसत. न्हाणीत नळ सोडून रडत. मला ते कळायचं आणि मी दाराबाहेरून निघून जायचे.

वर्षश्राद्ध झालं त्याच दिवशी नांदेडचा माझा भाऊ, दादा, पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. "घर विकून टाक. नांदेडात बदली मागू, माझ्या वरच्या खोल्या रिकाम्याच हायत. इथं एकटी काहून राहतीस?" एकटी, असं म्हणाला. आत्या दाराआड तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्या शेंगांचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

मी बघते म्हणाले. खरंच मला नांदेडही सारखं आणि बाळापूरही सारखं. पण आत्यांना ते सारखं नव्हतं. गावचं घर भावकीच्या वाटणीत गेलेलं. लेक शिरड शहापूरला दिलेली, पण लेकीच्या दारात जाऊन पडायचं म्हणजे त्यांना मरण. मी गेले तर त्यांना तिथंच जावं लागणार होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत एक पिशवी दिसली. दोन लुगडी, चष्म्याचं घर, औषधाच्या गोळ्या. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची मिसरीची डबी असायची, सकाळी उठल्या उठल्या हाताशी. तीही पिशवीत गेलेली. पिशवी कशाला, असं मी विचारलं नाही. त्यांनीही लपवली नाही.

त्याच आठवड्यात मी पडद्याच्या दुकानात गेले. का गेले ते सांगता येणार नाही. वर्ष संपलं होतं, पाइप रिकामे होते, एसटीतून उतरल्यावर दुकान समोरच होतं. दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. फुलांचे, पानांचे, चकाकणारे. "कोणता कलर दाखवू म्याडम? भिंतीला रंग कोणता हाय?" मला भिंतीचा रंग आठवेना. ज्या भिंतीकडे बघत वर्षभर जेवले, तिचा. मला सांगता येईना हे बघून तो बिचारा म्हणाला, "राहू द्या, साहेबांना घेऊन या, दोघं मिळून ठरवा." मी बरं म्हणून निघाले. वाईटसुद्धा वाटलं नाही, म्हणजे बघा.

घरी आत्यांनी विचारलं, "पडदे आणले का?"

"नाही."

"बरं झालं. घर घेणारा आपले लावंल," एवढं बोलून त्या दिवाणाकडे वळल्या. दिवाणाची फळी उचलली आणि आतल्या साड्या काढून माझ्यापुढे रचायला लागल्या. "ह्या तुझ्या हायत. नांदेडला घेऊन जा. इथं ठिवून कुनी नेसायचं?"

त्या दुखवट्याच्या साड्या होत्या. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या-तेराव्याला जो येईल तो विधवेला साडी आणतो. रंग फिका, नवऱ्याबरोबर बाईच्या अंगावरचे रंगही गेले पाहिजेत, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं. मी एकही नेसले नव्हते. उलगडून बघितल्याच नव्हत्या. आता बघितल्या तर मामाची बदामी, करड्या काठाची. चुलत जावेची बदामी, करड्या काठाची. नणंदेची तीच, शेजारणीची तीच. बाजारातल्या एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातून सगळ्यांनी घेतलेल्या. घाईत दुसरं काय करणार म्हणा. मला हसू आलं. आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मी एक साडी उचलून पुढच्या खिडकीला धरली. बदामी भिंत, बदामी साडी. हो, भिंत बदामीच होती.

"आत्या, ह्यांचे पडदे बराबर होतील. एकसारखे."

"दुखवट्याचं कापड खिडकीला? येडी झाली का काय! लोकं काय म्हनतील?"

"लोकांनीच आणलंय."

त्यांनी साडी माझ्या हातातून काढून घेतली. मग खाली मांडी घालून बसल्या, साडीच्या काठाला दाताने चीर पाडली आणि टर्रकन फाडली. मापाला टेप आणते म्हटलं तर ऐकेनात. आपल्या हाताने कोपरापासून बोटापर्यंत मोजलं, खिडकीला दोनदा हात लावून बघितला. वर पाइप जाईल अशी नळी घातली, खाली दुमडून सुईने टाके घातले. मी शाळेतून येऊन दोरा ओवून द्यायचे, कारण त्यांना सुईचं भोक दिसत नाही. असं करत सगळ्या खिडक्यांचे झाले.

पहिला पडदा लावला तेव्हा खालची दुमड बघून मी चकित झाले. चांगली वीतभर. लहान पोरीच्या परकराला पुढे वाढेल म्हणून ठेवतात, तेवढी.

"आत्या, ही एवढी काहून ठेवली?"

त्या पडद्याचा काठ हातात धरून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुती कापड हाय, आटतंय. धुतलं की उसवून खाली सोडावं लागंल. दरसाली जरा जरा." मग थांबून म्हणाल्या, "घेणाऱ्याला सांगून ठिव."

त्या साड्यांत सूत औषधालाही नव्हतं. आयुष्यभर शेतात लुगडं नेसलेल्या बाईला ते कळत नव्हतं असं नाही.

"घेणाऱ्याला कशाला?" मी म्हणाले. "दिवाळीला धुऊ तेव्हा सोडू. तुम्ही टाके घाला, मी दोरा ओवते."

त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, "व्हय," आणि खोलीत गेल्या.

संध्याकाळी दादाला फोन केला, घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो रागावला, मी ऐकून घेतलं. फोन ठेवताना आत काही हललं असं नाही. मग दिवा लावायला आत्यांच्या खोलीत गेले. पडदा लागला होता. तो सरकवला तर कट्ट्यावर, जुन्या जागी, मिसरीची डबी होती.

मला रडू आलं. वर्षभर आलं नव्हतं ते तिथंच, डबी हातात धरून आलं. आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी न्हाणीत न जाता, नळ न सोडता, माझ्याबरोबर रडायला सुरुवात केली.