मामा आणि दोन घागरींचा हुकूम

साऱ्या लातूर जिल्ह्यात कायदा पाळणारा एकच माणूस होता, आणि तो माझा मामा होता. जिल्हा तेव्हा नवाकोरा. पाट्यांवरचा रंग वाळायचा होता, विहिरी मात्र केव्हाच वाळल्या होत्या. मामा किल्लारीकडच्या एका गावात शाळेचे शिपाई. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली घटनेची प्रत. "कायदा आपल्या माणसानं लिवलाय, आपुनच न्हाई पाळला तर?" असं म्हणत. एसटीत ‘चालकाशी बोलू नये’ असं लिहिलेलं, म्हणून कंधारपर्यंत ते गाडी चालवणाऱ्या सख्ख्या मेव्हण्याशी अक्षरही बोलले नाहीत. तो पुढं वर्षभर रुसला. सायकलवर डबलसीट गुन्हा, म्हणून मामी पायी चालायची आणि मामा सायकल हातात धरून तिच्या शेजारी.

लोक कायदा का पाळत नाहीत, हे त्यांना खरोखर कळत नसे. ते विचारत फिरत. सडकेवर ओटा वाढवणारा म्हणाला, शेजाऱ्यानं आधी वाढवला. एक म्हातारा म्हणाला, निजामाचं ऐकलं, मग उस्मानाबादचं, आता लातूरचं, कुणाकुणाचं ऐकावं? मामा मान हलवत आणि घरी येऊन पुन्हा गोंधळत.

त्या उन्हाळ्यात मी मामांकडेच राहायला होतो. टँकरवर घरटी रोज दोनच घागरी, असा हुकूम निघाला. मामा आपण होऊन रांगेशी उभे राहून मोजत. वरच्या आळीतल्या एका बाईला त्यांनी तिसरी घागर चारचौघांत परत ओतायला लावली. दोनच दिवसांत मामीला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत घरातलं पाणी संपलं. टँकर उभा होता, पण आमच्या दोन घागरी झाल्या होत्या. मामा रिकामी घागर घेऊन उंबऱ्यात बसून राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात तीच बाई भरली घागर घेऊन आली. पाव्हणे आलेत असं खोटं सांगून तिनं ती मिळवली होती. वरच्या आळीतलं कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं; तिनं आत येऊन घागर चुलीशी ठेवली.

"हे नियमात बसत न्हाई, बाई," मामा म्हणाले.

"न्हाई बसत. पर मला रोज तुमच्या दारावरून जायचंय, त्या कागदावरून न्हाई."

मामांनी मामीला चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. मामी वाचली. दुसऱ्या दिवशी मामांनी एकच घागर भरली आणि दुसरीची पाळी त्या बाईला दिली. त्यानंतर ते रांगेत उभे राहत, पण मोजत नसत.

पुढं मी नांदेडला वकिली शिकलो. सुट्टीत गेलो की मामा विचारत, त्या बाईनं गुन्हा केला का? मी कलमं सांगायचो. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "तिचं ऱ्हाऊ दे. मी काय केलं, ते सांग."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते अजून सांगता आलेलं नाही.