इथून सुरुवात

जपानी चित्रांचं प्रदर्शन भिवंडीत भरणार हे ऐकून मी आधी हसलोच. आमच्या रस्त्यातले खड्डे भरायला कोणी येत नाही, प्रदर्शन भरवायला मात्र मुंबईहून गाडी करून माणसं येतात.

पण हसून सुटका नव्हती. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि अक्षर बरं आहे, म्हणजे फुकटात राबायला हक्काचा गडी. धामणकर नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये मला चार दिवस जुंपलं. अस्सल चित्र म्हणे एकच लांबलचक कागदाची गुंडाळी, ती कुठल्याशा संग्रहालयात काचेखाली. आमच्या नशिबी त्याचे छापील नऊ तुकडे, सनबोर्डवर चिकटवलेले. भिवंडीला एवढं पुरे, असं कोणीतरी वातानुकूलित खोलीत बसून ठरवलं असणार.

चित्रांसोबत मुंबईहून ज्या बाई आल्या होत्या, त्या हातमागाची साडी नेसून. यंत्रमागाच्या गावात! आल्या आल्या मला म्हणाल्या, "सर, इथे आवाज फार आहे हो." अहो, त्या आवाजावर हे गाव जेवतं. पण मी काय बोललो? "हो ना मॅडम." लाचारी अंगात मुरली की जीभ आपोआप वळते.

मी तुकड्यांच्या कडा जुळवल्या. अर्धं झाड अर्ध्या झाडाला, अर्धा बैल अर्ध्या बैलाला. लांब भिंतभर चित्र नीट लागलं. मग माझ्या सुंदर अक्षरात पाटी रंगवली, 'इथून सुरुवात', खाली लाल बाण, आणि ती डाव्या टोकाला ठोकली. तीस वर्षं फळ्यावर डावीकडूनच लिहितोय, दुसरीकडे कुठे ठोकणार?

डावीकडे गावजेवण चाललेलं, नवी कोरी घरं. पुढे छपरांवर चढलेली माणसं, हातात हातोडे. मग खांद्यावर लाकडं घेतलेल्यांची रांग. आणि उजव्या टोकाला आग, नुसती आग आणि धूर. बाईंनी माझ्या बाणाप्रमाणे चालत एकदा सगळं पाहिलं आणि हातातला कागद वाचला. त्यावर 'क्षणभंगुरता' एवढा एकच शब्द मोठा होता. बाकीचं व्याख्यान माझ्या बाणाने पुरवलं.

आता माझ्या शेजाऱ्याबद्दल सांगतो. त्याला मी भाई म्हणतो, तो मला मास्टर. त्याच्या वडिलांनी उत्तरेतून येऊन इथे चार लूम टाकले, ते त्याने चालवले. रोज शाळा सुटली की माझा चहा त्याच्या कारखान्यात, खटखटाटात, ओरडून ओरडून गप्पा. गेल्या हिवाळ्यात वायर जळली आणि सगळं भस्म झालं. तेव्हापासून एक गोदामवाला त्या जागेसाठी मागे लागला होता. जागा देऊन कायमचं गावी जायचं, की पुन्हा लूम लावायचे? रविवारपर्यंत भाईला उत्तर द्यायचं होतं. त्याने जाऊ नये असं मला फार वाटायचं. पण एवढ्या वर्षांत असलं काही आम्ही एकमेकांना कधी बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. म्हटलं, शनिवारी उद्घाटन आहे, ये, जरा मन रमेल.

शनिवारी नेहमीचा तमाशा झाला. शाल, श्रीफळ, फोटो. प्रमुख पाहुण्यांनी चित्राकडे पाठ करून चित्राची स्तुती केली. बाई बोलत होत्या, "जपानी माणूस सांगतो, जे आहे ते जाणारच," आणि पुढच्या रांगेतली मंडळी मोबाइल बघत माना डोलवत होती. इतक्यात उजव्या टोकाकडून भाईचा आवाज आला. कारखान्यात बोलायची सवय, म्हणजे हॉलभर.

"मास्टर, ये तो इधर से है! देख, पहले जला. फिर ये लोग लकड़ी लाए, मुँह देख ना, उधर जा रहे हैं. फिर छत डाली, फिर दावत!" लहानपणापासून उर्दू वाचलेला माणूस, त्याचे डोळे उजवीकडूनच निघाले. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "बस, अपन भी लगाते हैं फिर चार लूम!"

लोक हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, चित्रकलेचा मास्तर, माझी पाटी, माझा बाण, माझी अब्रू! मी मोठ्याने म्हणालो, "भाई, हे उर्दू नाही. जळलेलं पुन्हा उभं राहत नसतं, तेच तर सांगितलंय यात."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "तू बोल रहा है तो वैसा ही होगा," म्हणाला आणि चहा न घेता गेला. बाईंनी नंतर माझ्या 'आकलनाचं' कौतुक केलं. मीही ते घेतलं, निर्लज्जासारखं.

पंधरा दिवसांनी बोर्ड उतरवताना मागची बाजू दिसली. उजव्या टोकाच्या, आगीच्या तुकड्यामागे शाईची एक आडवी रेघ. त्याच्या डावीकडच्यामागे दोन. त्याच्याही डावीकडच्यामागे तीन. ते आकडे आहेत हे माझ्या पहिलीतल्या पोरांनीही सांगितलं असतं. लावताना मी त्या रेघा पाहिल्या होत्या आणि हमालाच्या खुणा समजलो होतो. हातातला बोर्ड तिथेच टाकला.

तसाच भाईच्या कारखान्यावर गेलो, त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच. जागा झाडून साफ केली होती. चावी गोदामवाल्याला रविवारीच दिली होती. भाई घरच्या सामानाने भरलेल्या टेम्पोच्या सावलीत बसला होता, गावची गाडी संध्याकाळी होती.

"भाई, तू बरोबर होतास," मी म्हणालो. "ते उजवीकडूनच होतं. मी गाढव."

"मालूम था," तो म्हणाला. "अंधा थोडी हूँ."

"मग तेव्हाच का नाही बोललास? भांडायचं होतंस माझ्याशी!"

त्याने टेम्पोची दोरी ओढून पाहिली, उगाचच, ती घट्टच होती.

"मुझे लगा तू तसवीर का नहीं बोल रहा, मास्टर. मुझे लगा, मेरा बोल रहा है."