पुलपिटाच्या पायऱ्या

"नॉट अप देअर, लव्ह," केन म्हणाला आणि त्याने पवित्र शास्त्र माझ्या डोळ्यांदेखत खाली, पियानोशेजारच्या टेबलावर ठेवलं.

सिडनीतली आमची प्रेस्बिटेरियन मंडळी, म्हणजे आमचं चर्च. रीत अशी, की उपासना सुरू होताना एक एल्डर, म्हणजे मंडळीतला मानाचा माणूस, ते जाडजूड शास्त्र दोन्ही हातांवर घेऊन येतो. सगळे उभे राहतात. तो पायऱ्या चढून ते पुलपिटावर, उपदेशाच्या उंच व्यासपीठावर ठेवतो, मागून पाळक चढतो. शास्त्र आधी, माणूस मागे. छान रीत आहे हो, मला अजून आवडते.

त्या दिवशी एल्डर होता केन, आणि मागे चढायचं होतं मला. पाळक व्हायची माझी परीक्षाच होती ती. बायकांना दीक्षा द्यायचं तेव्हा नुकतं ठरलं होतं. माझ्या लेकाच्या वयाच्या पोरांत बसून, पन्नाशी गाठता गाठता मी कॉलेज केलं होतं. इंग्रजी तर शास्त्र वाचूनच शिकले. प्रेस्बिटरीची, म्हणजे मंडळ्यांवरच्या समितीची माणसं पारखायला शेवटच्या बाकावर बसली होती. आज पुलपिटावरून नीट उपदेश झाला तर दीक्षा. नाहीतर घरी.

"लेडीज खालूनच बोलतात," केन म्हणाला. "मग किचनमध्ये चहाचं बघ हं."

कुणीतरी हसलं.

पहिल्या बाकावरून माझा नवरा कुजबुजला, "अगं, बोल ना खालून. देव काय वरखाली बघतो?"

"देव नाही बघत. हे बघतात."

माझी आई मिरजेजवळच्या गावात देवळाच्या पायरीखाली उभी राहून मोठी झाली. आमची जात वर चालत नव्हती. ख्रिस्ती झालो ते पायरी चढायलाच ना? मग इथे समुद्रापार येऊन परत खालीच उभी राहू?

टेबलाशी गेले. शास्त्र उचललं. केवढं जड! छातीशी धरलं आणि निघाले. केन पायरीवर आडवा.

"पुट इट बॅक."

"बाजूला हो, केन."

झाला. पण त्याची बायको जॉइस उठून चालती झाली. मला चहाबरोबरचे स्कोन भाजायला शिकवणारी जॉइस! तिच्यामागे आणखी काही. ते लागलं मला, अजून लागतं. तरी वर चढले. बोलले. पूर्ण बोलले.

दीक्षा झाली. त्या वेळी जमलेले सगळे पाळक डोक्यावर हात ठेवतात. दोघांनी खिशातले हात बाहेर काढलेच नाहीत. मी वर मान करून पाहिलं. चेहरे लक्षात ठेवलेत.

इतकी वर्षं झाली, केन अजून माझ्यासाठी शास्त्र उचलत नाही. मीच नेते. खांदा दुखतो. आता तर चर्चवाले म्हणतात, बायकांची दीक्षा बंदच करू. "तुझं काढून घेत नाही गं, फक्त यापुढे कुणी नको." म्हणजे मी गप्प बसायचं, असं.

नाही बसणार. प्रेस्बिटरीत मतदान आहे, तिथे उभी राहून बोलणार. हरले तर माझा विरोध माझ्या नावानिशी लिहून घ्यायला लावणार. आणि रविवारी शास्त्र घेऊन पायऱ्या चढणार.

केनने वाटेत येऊ नये. या वेळी मी 'बाजूला हो' म्हणणार नाही, सरळ चालत जाणार.