साडेपाचला घरी आलो आणि बाबा घाबरले

मंडळी, आज एक डॅनिश शब्द शिकलो.

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत मशीन बसवायला डेन्मार्कहून सोरेन नावाचा इंजिनिअर आलाय. आमची शिफ्ट साडेचारला सुटते, पण एरवीही सहाच्या आत कुणी उठत नाही, आणि पाहुणा बसलाय म्हणून आठवडाभर तर आम्ही सातपर्यंत बसून होतो. आज चहा पिताना त्यानेच विचारलं, "तुम्ही रोज बसता कशाला? तुम्ही उठत नाही म्हणून मी थांबतो!"

हसून हसून पुरेवाट झाली राव.

मग त्याने शब्द सांगितला, 'फ्यूराफ्तन'. 'फ्यूर' म्हणजे सणाची विश्रांती, 'आफ्तन' म्हणजे संध्याकाळ. पूर्वी सणाच्या आदल्या संध्याकाळी काम थांबायचं, तिला हे नाव होतं. आता तिकडे रोज काम सुटलं की हाच शब्द म्हणतात.

साडेचारला निघालो. संत तुकाराम नगरला घरात शिरलो तर बाबा ताडकन उठले. तेही कारखान्यातूनच रिटायर झालेत.

"काय रे, कामावरून काढलं का?"

"नाही हो बाबा, सुट्टी झाली."

गॅलरीत चहा पिताना त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू लहान होतास तेव्हा मला हा शब्द कुणी सांगितला नाही बघ."

उद्या साडेचारला सगळ्यांत आधी मीच उठणार. तुमच्याकडे आधी कोण उठतं?